नवसाचं झुकतं पारडं

मी अमरावतीच्या एका महाविद्यालयात बालविकास शिकवते आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करते, म्हणजे मुख्यतः त्यांच्या प्रबंधांची शीर्षकं लहान करते. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. 'एक चिकित्सक अभ्यास' हे शब्द काढायला सांगितले की विद्यार्थ्याचा चेहरा असा होतो, जणू मी त्याच्या लग्नपत्रिकेवरून कुलदैवताचं नाव काढायला सांगितलं आहे.

अकोल्याहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीनं मात्र पहिल्याच भेटीत विषय साध्या बोलीत सांगितला होता. "मॅडम, कापूस वेचायच्या दिवसांत आई शेतात जाते. तेव्हा घरी लेकराला कोण पाहतं, अन् त्यानं लेकराच्या तब्येतीत काय फरक पडतो, एवढंच पाहायचं आहे."

मला या 'एवढंच' शब्दाचं फार अप्रूप वाटलं. आमच्या क्षेत्रात तो क्वचित ऐकू येतो.

तिचं माहेर बार्शीटाकळीचं. वडिलांचं तिथे धान्याचं दुकान. लग्न होऊन ती अकोल्याला आली आणि तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवू लागली. तासिका तत्त्व म्हणजे दर जूनमध्ये आपण नोकरीत आहोत की नाही हे सूचनाफलकावर जाऊन वाचायचं. पदवी मिळाली तर ती कायमच्या जागेसाठी अर्ज करू शकणार होती. मधे दोन बाळंतपणं, सासूबाईंचं मोठं आजारपण, त्यामुळे मुदत वाढवून घ्यावी लागली होती, आणि विद्यापीठानं कळवलं होतं की आता ही शेवटची. या वर्षाच्या वेचणीत काम झालं नाही तर नोंदणी रद्द.

काम असं होतं. माहेरच्या गल्लीतली आणि तिला लागून असलेल्या वस्तीतली लहान मुलं घ्यायची, वेचणी सुरू होताना त्यांची वजनं करायची, वेचणीच्या दिवसांत घरोघरी जाऊन बसायचं, पाहायचं, विचारायचं, आणि वेचणी संपली की पुन्हा वजनं. दोन वजनांमधल्या फरकावर सगळा प्रबंध उभा राहणार होता. गल्ली मिसळीची. अर्धी घरं शेतकरी कुणब्या-माळ्यांची, अर्धी मुसलमानांची, त्यांतही कोणी शेती करणारे, कोणी शिलाई, कोणी दुकानदार. सगळ्या घरांत तिला लहानपणापासून ओळखत होते, म्हणून मला काळजी नव्हती.

पण आमच्या प्राचार्यांना ही बातमी कळली.

"इतकं समाजोपयोगी संशोधन, आणि तुम्ही गुपचूप करता?" ते म्हणाले. गुपचूप हा शब्द त्यांनी चोरीला वापरतात तसा वापरला. मी म्हटलं, वजनं तर करायची आहेत. ते म्हणाले, "वजनं होतीलच हो. उद्घाटनाचं काय?"

उद्घाटन झालं. गल्लीतल्या मारुतीच्या देवळापुढच्या मोकळ्या जागेत मांडव उभा राहिला. मागे फलक लागला, त्यावर मान्यवरांचे चेहरे आणि कोपऱ्यात एक बाळ. ते बाळ निळ्या डोळ्यांचं आणि सोनेरी केसांचं होतं, वऱ्हाडात असं बाळ जन्मलं असतं तर त्यावरच वेगळा प्रबंध झाला असता. दीपप्रज्वलनाच्या वेळी पंखा बंद करायला कोणी तयार नव्हतं, त्यामुळे पाहुण्यांनी एकामागून एक काड्या विझवल्या. कुपोषण या विषयावर तीन भाषणं झाली, तोवर भुकेनं रडणाऱ्या लेकरांना आया मांडवाबाहेर नेऊन पाजत होत्या.

मग वजनं. इलेक्ट्रॉनिक काटा नवा होता, मूल ठेवलं की लाल आकडे चमकायचे. सूत्रसंचालन करणाऱ्या प्राध्यापकांना शांतता सहन होत नाही. त्यांनी प्रत्येक मुलाचं वजन ध्वनिक्षेपकावरून जाहीर करायला सुरुवात केली. जड मुलाला "टाळ्या झाल्या पाहिजेत!" आणि हलक्या मुलाला "हरकत नाही, हरकत नाही". माझी विद्यार्थिनी दोनदा त्यांच्या कानाशी गेली. दोन्ही वेळा त्यांनी तिलाच ध्वनिक्षेपकावरून धन्यवाद दिले. सगळ्या गल्लीच्या लेकरांची वजनं बसस्थानकापर्यंत ऐकू गेली.

आठवडा उलटत नाही तोच गल्लीत ताप आला. हवा बदलते तेव्हा येतो तसाच, पण तो घरोघर फिरला. मुलं चार दिवस मलूल पडली आणि उठली, कोणाला काही झालं नाही. मात्र ताप कशानं आला याबद्दल गल्लीत दोन मतं नव्हती.

ती अडचण पुढे येणार हे तेव्हा आम्हांला कळलं नाही. वेचणीभर माझी विद्यार्थिनी शनिवार-रविवारी माहेरी जायची, घरोघरी बसायची. चहा मिळायचा, भाकरी मिळायची, नणंदांच्या तक्रारी न मागता मिळायच्या. कोणतं लेकरू आजीजवळ, कोणतं चुलतीजवळ, कोणतं आईबरोबर शेताच्या बांधावरच्या झोळीत, सगळं ती टिपत गेली. वेचणी संपत आली तेव्हा तिनं काटा पिशवीतून बाहेर काढला, आणि गल्लीनं एका आवाजात नाही म्हटलं.

मी स्वतः गेले. एका ओसरीवर एक आजीबाई बसल्या होत्या, नातवाला मांडीवर घेऊन. सगळी गल्ली त्यांचं ऐकते असं मला आधीच सांगितलं होतं.

"अंगणवाडीत तर दर महिन्याला वजन करता ना?" मी म्हटलं.

"थे करते नं. थे ताई कानात सांगते." आजीबाईंनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "तुमी तं भोंग्यावर सांगतलं. आमच्या पोट्ट्याचं वजन बस डेपोच्या कंडक्टरले ठावं हाये. मंग नजर लागन नाई तं काय?"

"आता भोंगा नाही आणणार."

"पह्यले बी कोनं म्हन्लं होतं आनतो म्हनून?"

माझी विद्यार्थिनी म्हणाली, "मोठ्या आई, माझं शिक्षण अडकून राहिलं ना."

"मले समजते व माय. तुले भाकर देऊ, पोथी वाचाले बसवू, लेकराचं वजन नाई देत. तू माई पोरगी हायेस, पन हे पोरगं बी मायंच हाये."

अमरावतीला परतताना बसमध्ये मी संशोधन-पद्धतीची पुस्तकं आठवून पाहिली. मूल घर सोडून गेलं, आजारी पडलं, पालकांनी संमती मागे घेतली, या सगळ्यांवर त्यांत उपाय होते. प्राचार्यांवर एकाही पुस्तकात उपाय नव्हता.

तिचा फोन आला तो त्यानंतरच्या रविवारी दुपारी. आवाजात धाप होती.

"मॅडम, मूल जोखायचंच नाही. गूळ जोखायचा."

मी म्हटलं, सावकाश सांग.

झालं होतं असं. ती वडिलांच्या दुकानात बसली होती, पुढे काय करायचं या विचारात. तेवढ्यात त्याच आजीबाई दुकानात आल्या. त्या तापात त्यांनी मारुतीला नवस बोलला होता की नातू उठला तर त्याला गुळानं जोखीन. नातू उठला, आता नवस फेडायचा होता. पण मुलाला एका पारड्यात बसवून दुसऱ्यात गूळ टाकायचा तर पारडी लागतात, आणि गावातल्या सगळ्या दुकानांत आता लाल आकड्यांचे काटे. त्यांना पारडी नसतात. तिच्या वडिलांकडे मात्र जुना टांगता तराजू होता, पोती मोजायचा, माळ्यावर पडलेला.

"चाचा, तराजू देता काय एक दिवस?"

वडील म्हणाले, "देतो की. लेकिन मेरी बेटी साथ आयेगी."

आणि तिनं विचारलं होतं, मोठ्या आई, लेकराला मी हात नाही लावत, पण त्याच्याबरोबरीचा गूळ मी नंतर जोखला तर चालेल का?

"गूळ जोख नं, माय. गुळाले काय नजर लागते?"

मला हे इतकं आवडलं की मी ते तिला दोनदा पुन्हा सांगायला लावलं. तिला वाटलं मी रागावले.

त्या एका नवसानं गल्लीची दारं उघडली. तापाच्या दिवसांत नवस न बोललेलं घर बहुधा नव्हतंच. कोणी मारुतीला, कोणी दर्ग्याला मन्नत, आणि फेडायचं सगळ्यांचंच राहून गेलं होतं. ज्यांनी काहीच बोललं नव्हतं त्यांनी आता घाईनं बोलून घेतलं, कारण सगळ्यांची लेकरं पारड्यात बसणार आणि आपलंच खाली राहणार हे कोणत्या आईला पटेल? गूळ किती आणायचा यावर चर्चा झाली. प्रत्येक घरानं आपापली ढेप आणावी असं ठरलं. दर्ग्याच्या मन्नतीचा गूळ मारुतीच्या देवळापुढे जोखला तर चालतो का, असा एक प्रश्न निघाला. आजीबाई म्हणाल्या, "झाड कडुनिंबाचं हाये, थे कोनाचं बी नाई." तराजू कडुनिंबालाच टांगायचा होता. प्रश्न मिटला.

पहिल्या दोन दिवसांत बरीच मुलं जोखून झाली. ती मला संध्याकाळी फोनवर आकडे पाठवत होती. आकडे पाहून मला फार आनंद झाला, आणि मग त्याच कारणानं संशय आला. सगळी मुलं वाढली होती, छान, भरघोस वाढली होती. ताप येऊन गेलेली, आई दिवसभर शेतात असलेली, हिवाळाभर नाक वाहणारी मुलं जाहिरातीत वाढतात तशी वाढली होती. माझ्या आयुष्यात इतकी चांगली बातमी खरी निघालेली मला आठवत नाही. मी सकाळची अकोल्याची बस धरली आणि तिथून पुढे बार्शीटाकळीची.

कडुनिंबाखाली जत्रा भरलेली होती. तराजूची लोखंडी दांडी फांदीला, दोन्ही बाजूंना साखळ्यांना लटकवलेल्या चौकोनी फळ्या. एका फळीवर चादर घालून मूल बसवत होते. काही मुलं गळा काढत होती, काहींना तो पाळणा वाटला आणि उतरवताना त्यांनी गळा काढला. तिचे वडील टोपी सावरत दांडीचा काटा पाहायला उभे. दुकानात माप मोजताना पहिल्या मापाला ते एक म्हणत नाहीत, 'बरकत' म्हणतात; इथेही गुळाचा पहिला खडा ठेवताना "बरकत" म्हणत होते, आणि आज्या त्यावर "राम राम" म्हणत होत्या.

मी बाजूच्या ओट्यावर बसून पाहत राहिले. खडे पडत गेले, दांडी सरळ झाली, काटा मध्यावर आला. माझ्या मते काम झालं होतं. तेवढ्यात मुलाच्या आजीनं पदराखालून चांगला मुठीएवढा खडा काढला आणि गुळाच्या पारड्यात टाकला. पारडं धाडकन खाली गेलं, मूल वर गेलं, सगळ्यांनी समाधानानं हात जोडले. मूल उतरवलं, गूळ लाल आकड्यांच्या काट्यावर गेला आणि माझी विद्यार्थिनी तो आकडा लिहू लागली.

"तो शेवटचा खडा कशाचा?" मी विचारलं.

"थो देवाचा," आजी म्हणाली.

"पण काटा तर बरोबर झाला होता."

"देवासंग बरोबरीचा हिशेब करते काय कोनी, बाई?"

तिच्या वडिलांनीही मान हलवली. "ग्राहकालाही आम्ही झुकतंच देतो, मॅडम. बराबर का तौल मनहूस."

विद्यार्थिनीनं माझ्याकडे पाहिलं आणि तिचा रंग उतरला. ती याच गल्लीत वाढलेली, याच दुकानात बसलेली. पारडं झुकणं तिच्या डोळ्यांना इतकं सवयीचं होतं की ती ते वजन समजत होती. दोन दिवसांत गल्लीतल्या मुलांचं जे वजन वाढलं होतं ते देवाचं होतं.

"मॅडम, सगळं गेलं," ती हळूच म्हणाली. शेवटची मुदत, झुकलेल्या आकड्यांची दोन पानं आणि पारड्यात बसायला हट्ट करणारी एक रांग, असं सगळं एकदम समोर होतं.

"गेलं काय," मी म्हटलं, "आधी त्यांना विचार."

तिनं त्या पहिल्या आजीबाईंनाच विचारलं. काटा मध्यावर आला की लगेच लेकरू उतरवू, गूळ जोखू, मग गूळ अन् लेकरू पुन्हा पारड्यांत घालून वरून देवाचा खडा टाका. चालेल?

आजीबाईंनी विचार केला. "म्हनजे आधी लेकराचं अन् मंग देवाचं."

"हो."

"चालते की. देव काय बसला हाये घाई करत." मग त्या थांबल्या. "पन ज्यायचं झालं त्यायचं?"

"त्यांचं पुन्हा करावं लागेल."

मला वाटलं, इथे अडणार. पण ही बातमी गल्लीत पोहोचली तेव्हा ज्यांचं झालं होतं ती पोरं धावत आधी येऊन उभी राहिली. दुसऱ्यांदा बसायला मिळतंय म्हटल्यावर त्यांचा आनंद आवरेना. आयांचीही हरकत नव्हती. एकीनं फक्त विचारलं, "अन् गूळ बी दुसऱ्यांदा द्या लागन काय?" आजीबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की तिनं आपणहून आणते म्हटलं.

त्या दुपारी पद्धतिशास्त्राचे जेवढे प्रश्न उभे राहिले तेवढे माझ्या सगळ्या नोकरीत राहिले नसतील. मूल गप्प बसावं म्हणून त्याच्या हातात गुळाचा खडा देत होते. तो खडा आता कोणत्या बाजूचा? मोठी पोरं गुळाच्या पारड्यातून चोरून खात होती, म्हणजे पारड्यातलं लेकरू आमच्या देखत जड होत होतं. एक आजोबा नातवाला धीर द्यायला फळीवर एक हात ठेवून उभे होते, तो नातू सगळ्यांत वजनदार निघाला. एकेक करून आम्ही नियम केले. हातात खडा नाही, खुळखुळा चालेल, पण नंतर खुळखुळाही जोखायचा. आजोबांनी धीर लांबून द्यायचा. गुळाजवळ पोरांना फिरकू द्यायचं नाही, हा नियम मात्र शेवटपर्यंत कोणी पाळला नाही, त्यामुळे वडील स्वतः गुळाच्या पारड्याशी पाठ लावून उभे राहिले.

आणखी एक गोष्ट मी पाहिली. काटा मध्यावर आल्यावर पडणारा देवाचा खडा सगळ्यांचा सारखा नव्हता. लेकरू जितकं बारीक, तितका तो मोठा. उद्घाटनाच्या दिवशी जिच्या मुलीला ध्वनिक्षेपकावरून "हरकत नाही" मिळालं होतं, त्या आईनं एवढा मोठा खडा आणला होता की दोन्ही हातांनी ठेवावा लागला. मुलगी एकदम उंच गेली आणि खदखदून हसली. तिची आईही हसली, मग सगळेच.

"मॅडम, हे लिहू का प्रबंधात?" विद्यार्थिनीनं विचारलं.

"याचा तक्ता करता येणार नाही."

"तळटीप?"

"तळटीप चालेल."

आकडे आता माणसांसारखे आले. काही मुलं वाढली, काही जागच्या जागी, दोन-तीन उतरली, त्यांच्या घरी विद्यार्थिनी पुढे पुन्हा जाऊन बसली. प्रबंध वेळेत गेला. निष्कर्ष जगाला हादरवणारे नव्हते. आई वेचणीला गेली की लेकराची दुपार कोणाच्या हातून जाते, आणि त्या हातांना दुसरं किती काम आहे, यावर बरंच अवलंबून असतं असं निघालं. हे गल्लीला आधीच ठाऊक होतं. आता ते विद्यापीठालाही कळवण्यात आलं.

मौखिक परीक्षा अमरावतीला झाली. ती खुली असते, म्हणजे कोणीही येऊन बसावं असा नियम आहे आणि कोणीही येऊ नये असा रिवाज. त्या दिवशी मात्र बार्शीटाकळीहून एक जीपभर बायका आल्या, त्यांत त्या आजीबाई. वडील नवी टोपी घालून शेवटच्या रांगेत. पहिल्या रांगेत आमचे प्राचार्य.

बाहेरून आलेले परीक्षक फार मोठे होते, असं त्यांच्या परिचयावरून कळलं. परिचय तिच्या सादरीकरणापेक्षा लांब होता. त्यांनी इंग्रजीतून पहिलाच प्रश्न विचारला. मुलांची पहिली वजनं थेट केली, दुसरी गुळामार्फत. का?

प्रबंधात आम्ही लिहिलं होतं, 'पहिल्या फेरीतील मोजमाप सार्वजनिक स्वरूपात झाल्याने दुसऱ्या फेरीत पालकांनी थेट मोजमापास नकार दिला.' या एका वाक्यात मांडव, भोंगा आणि प्राचार्य असे तिघेही मावले होते. पण तिनं ते वाक्य म्हटलंच नाही. तिनं मराठीत, सगळं, जसं झालं तसं सांगितलं. निळ्या डोळ्यांच्या बाळापासून. प्राचार्य छताकडे पाहू लागले. झुकलेल्या पारड्याशी ती आली तेव्हा परीक्षकांनी चष्मा काढला.

"म्हणजे चूक तुमची तुम्हीच पकडली?" आता तेही मराठीत आले होते.

"मॅडमनी पकडली, सर. मला ती चूक वाटलीच नव्हती. अजून थोडी वाटत नाही."

ते हसले. तळटीप त्यांनी मोठ्यानं वाचून घेतली आणि म्हणाले, याचा तक्ता का नाही केला? मी मान खाली घातली. मग त्यांनी रिवाजाप्रमाणे सभागृहाला विचारलं, कोणाला काही प्रश्न आहे का? या प्रश्नानंतर दोन क्षण शांत राहायचं आणि टाळ्या वाजवायच्या, असं ठरलेलं असतं.

आजीबाई उठल्या. "मले हाये."

परीक्षक म्हणाले, विचारा.

"पोरगी पास झाली काय? थे सांगा नं आधी. केव्हाचे नुसते इचारूनच राहिले."

त्यांनी आमच्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि जे ते विभागप्रमुखांच्या खोलीत जाऊन, चहा घेऊन, लिहून आणून वाचणार होते ते तिथेच सांगितलं. "झाली, आजी."

पुढे शाल-श्रीफळाचा कार्यक्रम होता. प्राचार्य शाल उलगडून उभे राहिले, छायाचित्रकार सज्ज झाला, आणि नवी डॉक्टर जागेवर नव्हती. मी खिडकीतून पाहिलं. ती बाहेर पायऱ्यांवर बसली होती, भोवती बायकांचा गराडा, कोणीतरी डबे उघडलेले, वडील बाजूला उभे राहून फोनवर दोन भाषांत एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होते.

"बोलवा ना तिला," प्राचार्य म्हणाले.

मी म्हटलं, जेवतेय. ते शाल हातात धरून थांबले. मी पर्स उचलली आणि पायऱ्यांकडे निघाले, कारण डब्यांत ठेचा होता आणि तो फार वेळ उरेल असं मला वाटत नव्हतं.